अण्णांच्या नावाची आंघोळ

आमच्या अण्णांच्या नावाने गावाने एकदा आंघोळ केली आहे. कुणाची आशा सोडली की आपण तसं म्हणतो, ते नव्हे. खरोखरची आंघोळ, डोक्यावरून, थंड पाण्याने. मीही केली. तेव्हा मी आठवीत होते आणि माझ्या अंगावर शाळेचा ड्रेस होता. चुलतीने मला तशीच ओट्याखाली उभी केली आणि बादली ओतली. अण्णा त्या वेळी लातूरच्या एका दवाखान्यात जिवंत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. त्या वर्षी अण्णा सोयाबीन राखायला शेतातल्या शेडमध्ये खालीच झोपले आणि त्यांना मण्यार चावली. मण्यारीचा दंश दिसतसुद्धा नाही. सकाळी उठून घरी आले तर पापण्या वर राहीनात, जीभ जड झालेली. काकांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, जीपमध्ये घालून आधी शिरूरला आणि तिथून लातूरला नेलं. संध्याकाळपर्यंत निरोप आला, "मशीनवर ठिवलंय." आमच्याकडे या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. बायका आईकडे बघायच्या त्या एकदम वेगळ्या नजरेने बघायला लागल्या.

पुढे जे झालं ते मी फोनवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी आई लातूरला पोचली आणि काकांबरोबर भेटायच्या वेळेत आत गेली. काकांनी खिशात लपवून नेलेला फोन काढला आणि आम्हाला व्हिडिओ कॉल लावला. भावकी आमच्या ओट्यावर जमली होती, फोन आजीच्या हातात, आणि तिच्या खांद्यावरून दहाबारा डोकी वाकलेली. अण्णा दिसले. डोळे मिटलेले, तोंडात नळी. मग काकांनी फोन वर फिरवला आणि हिरवी रेघ दाखवली, वर जाणारी, खाली येणारी. सगळ्यांना बरं वाटलं. तेवढ्यात रेघ सरळ झाली. मशीन ओरडायला लागली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. काकांचा आवाज आला, "गेला. गेला माझा भाऊ." आईचा हंबरडा आला. आणि आमच्या गावची रेंज गेली.

रेंज परत यायला बराच वेळ लागला. तेवढ्यात भावकीने जे करायचं ते केलं. आजीने ऊर बडवला, कुणीतरी लाकडाची व्यवस्था बघायला गेलं, घराघरांत आंघोळी झाल्या. मी ओल्या अंगाने कुडकुडत असतानाच फोन वाजला आणि काका ओरडत होते, "हाय, हाय, जित्ता हाय. नर्सनं परत आणला."

नर्सनं परत आणला. या तीन शब्दांनी आमच्या घराची वाट लावली.

अण्णा बरे झाले. विष उतरलं, नळी निघाली, थोड्या दिवसांत चालत घरी आले. दुसरं कुणी असतं तर गावाने पेढे वाटले असते. पण आमच्या गावाने त्यांच्या नावाने आंघोळ करून ठेवली होती. एवढ्या लोकांनी रेघ सरळ झालेली डोळ्यांनी पाहिली होती, तिला आता काय करणार? लोक त्यांना "जाऊन आलेला" म्हणायला लागले. तोंडावर नाही, पाठीमागे. लग्नात टिळा लावताना लावणाऱ्याचा हात आखडायचा. आपण बाहेर पडताना "जाऊन येतो" म्हणतो ना, ते आमच्या घरात कुणी म्हणेनासं झालं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे अण्णांचाही त्यावर विश्वास होता. मी त्यांना एकदाच विचारलं, तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं. "मला समदं ऐकू येत होतं. डोळे उघडाया गेलो, उघडंनात. बोट हलवाया गेलो, हलंना. तेवढ्यात तुझा काका म्हणला, गेला. तुझी आई रडत व्हती. म्हणलं, असं असतंय होय हे. मेल्यावर बी ऐकू येतंय." एवढं बोलून ते उठून गेले.

त्यानंतर ते घरात पाहुण्यासारखे राहू लागले. शेत काकांवर सोडलं. पेरणीचं विचारलं तर म्हणायचे, "माझं झालंय की." ताटात वाढलेलं खायचे, मागायचे नाहीत. आईशी कामापुरतं, माझ्याशी त्याहून कमी. दहावीला मी तालुक्यात नाव काढलं तर म्हणाले, "बरं." एवढंच. मला भयंकर राग आला होता. बाप दारू पिऊन दुरावला तर निदान भांडता येतं. हा बाप खुंटीला पांढरा सदरा अडकवून ओट्यावर शांत बसलेला, याच्याशी कशावरून भांडणार?

पांढरा सदरा कशाला, तेही सांगते. गावात एक म्हातारे वारले तेव्हा अण्णा पांढरा सदरा घालून न बोलावता गेले, प्रेताजवळ मांडी घालून बसले आणि कानाशी वाकून बोलायला लागले. अण्णा हळू आवाजात सांगत होते, कोण कोण आलंय, कोण रडतंय, धाकटी लेक अजून रस्त्यात आहे. "लाकडं जराशी वल्ली हायेत, टाइम लागंल. भिऊ नका." त्या म्हाताऱ्यांच्या बायकोचं रडणं त्याने थांबलं. मग पायंडाच पडला. कुणी गेलं की अण्णांना बोलावणं. पुढे पुढे शेजारच्या गावांतूनही मोटारसायकली यायच्या. दारात अनोळखी मोटारसायकल उभी राहिली की आई काही न विचारता खुंटीवरचा सदरा काढून द्यायची.

आजी गेली तेव्हा अण्णा तिच्या कानाशी इतका वेळ बोलत राहिले की काकांना त्यांना दंडाला धरून उठवावं लागलं. काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. मी खांबाला टेकून बघत होते. मला आजीचा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा हेवा वाटणं बरं नव्हे हे मला कळत होतं, पण वाटला.

मग मी लातूरला आले. अकरावी, क्लास, होस्टेल, पहाटेपासून मेडिकलच्या नीट परीक्षेची घोकंपट्टी. आमच्याकडे मुलगी हुशार निघाली की तिला डॉक्टर करायचं ठरलेलंच असतं, तिला कुणी विचारत नाही. मला मात्र खरंच डॉक्टर व्हायचं होतं, कारण मला एका गोष्टीचं उत्तर पाहिजे होतं, अण्णा मेले होते का? धीर करून मी जीवशास्त्राच्या सरांना विचारलं की सर, माणूस जाऊन परत येतो का. सर म्हणाले, "सिलॅबसमध्ये नाही." वर्ग हसला. नंतर मी कुणाला विचारलं नाही.

बारावीच्या सुरुवातीला आमच्या कॉलेजने आम्हा काहीजणांना बसने नांदेडला नेलं. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बारावीनंतरचे वेगवेगळे विषय शाळा-कॉलेजच्या मुलांना दाखवायचा कार्यक्रम होता. मी यादीत बायोमेडिकल इंजिनिअरिंगपुढे नाव लिहिलं, कारण नावात मेडिकल होतं. मैत्रिणीने चिडवलं, "धड डॉक्टर न्हाई, धड इंजिनिअर न्हाई. सोयरिकीला काय सांगशील?" मलाही काही पटलं नव्हतं. गोदावरीच्या पुलावरून जाताना बाकीच्या पोरी परत येताना गुरुद्वारात जाऊ म्हणून सरांच्या मागे लागल्या होत्या आणि मला बस लागून मळमळत होतं.

लॅब तळमजल्यावर होती. पडदे ओढलेले, एसी चालू, बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर आधी काही दिसेना. मग हळूहळू दुसरे पडदे उजळले, मशीनचे. शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या. मराठी आमच्यासारखीच, पण वाक्याच्या शेवटी इंग्रजी सांभाळणारी. त्यांनी आधी आम्हाला श्वासाची मशीन दाखवली. तिच्या नळीच्या टोकाला एक काळी रबराची पिशवी अडकवली होती. मशीन हवा द्यायची, पिशवी फुगायची. मग थांबायची, पिशवी बसायची. पुन्हा फुगायची. टेबलावर कुणीच नव्हतं आणि कुणीतरी झोपल्यासारखा श्वास चालला होता. पोरं हसली. मी हसले नाही, कारण अण्णांच्या तोंडातली नळी मला तशीच्या तशी दिसत होती.

त्याहून वाईट पुढे होतं. मॅडमनी तळहाताएवढी एक डबी काढली, तिला वायरी जोडल्या, आणि वरच्या पडद्यावर हिरवी रेघ धावायला लागली. वर, खाली, वर, खाली. "हा कोणाचा हार्टबीट आहे?" मॅडमनी विचारलं. आम्ही एकमेकांच्या मनगटांकडे बघितलं. "कुणाचाच नाही. ही डबी खोटे ठोके तयार करते. मशीन तपासायला वापरतो आपण."

ठोका आहे आणि माणूस नाही. हे होऊ शकतं तर. आईने मला कधीतरी कुजबुजत सांगितलं होतं की नर्सने वायर लावल्यावर जी रेघ परत आली ती तुझ्या अण्णांची नव्हती, माझा माणूस तेव्हाच गेला, घरी आला तो मशीनने धाडलेला. मी तेव्हा तिच्यावर खेकसले होते. आता त्या अंधाऱ्या खोलीत मला तिचं म्हणणं खरं वाटलं. आपण इतकी वर्षं कुणाला अण्णा म्हणतोय? ज्याच्या पाया पडून मी बसमध्ये बसले तो कोण? मी हळूच दाराकडे सरकायला लागले.

"आता खरा माणूस घेऊ," मॅडम म्हणाल्या. "कोण येतंय?" मागून मैत्रिणीने मला ढकललं. मी खुर्चीत बसले. मॅडमनी माझ्या दोन्ही मनगटांना आणि घोट्याला पांढरे चिकटणारे स्टिकर लावले, त्यांना वायरी. पडद्यावर माझी रेघ आली. डबीच्या रेघेसारखी एकसारखी नव्हती, भीतीने पळत होती. पोरं पुन्हा हसली.

आणि रेघ सरळ झाली.

मशीन ओरडली. तोच आवाज. ओट्यावर आजीच्या हातातल्या फोनमधून आलेला, जसाच्या तसा. मी खुर्चीत बसलेली, डोळे उघडे, आणि समोरच्या पडद्यावर मी मेलेली. हात उचलायला गेले तर एक क्षण तो उचललाच नाही. मला वाटलं, असं असतंय होय हे. अण्णांचेच शब्द, माझ्या डोक्यात अण्णांच्याच आवाजात.

मॅडमनी माझा खांदा धरला. "अगं, घाबरू नको. तू हायस की." त्यांचं इंग्रजी गळून पडलं होतं. मग माझं मनगट उलटं करून पाहिलं. "तेल लावलंस?"

लावलं होतं. दोन वेण्या घालायच्या तर कोपरापर्यंत तेल होतंच. स्टिकर मनगटावरून घसरून लोंबत होता. मॅडमनी स्पिरिटच्या बोळ्याने हात पुसला, नवा स्टिकर लावला, रेघ परत आली. "दवाखान्यात हे छातीला लावतात, पण तेलावर कुठंच टिकत नाहीत. वायर सुटली की रेघ सरळ होणारच. मशीन बिचारी काय करेल, तिला माणूस दिसत नाही, वायर दिसते." त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं दाखवली. लीड ऑफ. म्हणजे वायर निघालीय. "आणि नेहमी खालची निळी रेघ बघायची. बोटाला चिमटा असतो, त्याची. ती चालू असेल तर माणूस आहे. त्याच्याही आधी माणसाला हात लावून बघायचं."

बाकीचे दुसऱ्या मशीनकडे गेले तरी मी तिथेच उभी राहिले. मग मॅडमना विचारलं. मण्यार चावली तर काय होतं? मॅडमनी सांगितलं की मण्यारीच्या विषाने स्नायू बंद पडतात. पापणी, जीभ, बोटं, श्वाससुद्धा. हृदय चालू राहतं. आणि कान? तेही विचारलं. "बऱ्याचदा चालू असतात. माणूस आत जागा असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गेला."

मी तिथेच टेबलाला धरून रडले. मॅडमना वाटलं मी अजून घाबरलेली आहे.

पुढच्या रविवारी गावी गेले. दुपारची जेवणं झाली होती. अण्णा ओट्यावर, आई भांडी आवरत होती. मी वाटेत एसटीत ठरवलेलं सगळं विसरून एकदम आईलाच विचारलं, "दवाखान्यात तू अण्णाला तेल लावलतंस का?"

आईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "तुला कोण सांगितलं?" मग हळूच म्हणाली, "अंग लई गार लागत होतं. पदराखाली कापूर घातलेलं तेल नेलतं. छातीला चोळलं उलीसं. मंग ते झालं. मला वाटलं, म्या हात लावला म्हणून गेले." इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन भांडी घासत होती.

मी सांगितलं. तेल, स्टिकर, कोपऱ्यातली अक्षरं, जी आमच्या ओट्यावर कुणालाच वाचता आली नव्हती. मण्यारीचं विष, बंद पापण्या, चालू कान. अण्णांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. आई आधी रडली, मग रडतारडता हसायला लागली. "म्हंजी माझ्या तेलानं आख्ख्या गावाला आंघोळ घातली की ओ." अण्णा हसले नाहीत.

"म्हंजी मी जित्ता होतो," ते म्हणाले.

"हो अण्णा. एक क्षणसुद्धा गेला नव्हतात तुम्ही."

"मंग," ते म्हणाले आणि खुंटीवरच्या सदऱ्याकडे बघितलं. "मंग मायनं काईच ऐकलं न्हाई?"

मी हे धरलंच नव्हतं. मी माझा बाप परत मिळवायला निघाले होते, त्यात त्यांची आई त्यांच्या हातून जाईल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "नाही अण्णा." नवीनच शिकले होते ना, त्यामुळे खात्री होती. अण्णा उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पण त्यानंतर ते सुधारले, हे खरं आहे. आठवडाभराने बियाण्याची पिशवी उघडून बघितली. काकांशी बांधावरून भांडले, आणि ते भांडण ऐकून आईने देवापुढे दिवा लावला. फोनवर माझ्याशी बोलायला लागले, पाऊसपाणी, मेसचं जेवण, असलंच. मोटारसायकली आल्या तर सांगायचे, "मी कुठं गेलतो? मला काय ठावं?" आणि लोक हिरमुसून परत जायचे. पांढरा सदरा पेटीत गेला. मला फार आनंद झाला होता. मी म्हणत होते, मला पाहिजे ते मला मिळालं.

बारावीची परीक्षा देऊन मी घरी होते तेव्हा शेजारची काकू वारली. चांगली बाई, माझ्या लहानपणी मला रोज हातावर गूळ ठेवणारी. तिचा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, आत गेले, पेटी उघडली. सदऱ्याला घडीचे डाग पडले होते. उंबऱ्यात थांबून ते आईला म्हणाले, "जाऊन येतो." आमच्या घरात हे शब्द किती वर्षांनी ऐकू आले. आईने चटकन पदर तोंडाला लावला.

मी मागोमाग गेले. काकूला दारात ठेवलं होतं, नाकात कापूस. अण्णा मांडी घालून बसले, कानाशी वाकले आणि हळू बोलायला लागले. मी जवळ होते म्हणून मला थोडं ऐकू आलं. "लेक हितंच हाय वैनी. माझी पोरगी बी आलीय. तुमी गूळ देत व्हता ती." मी मागे सरले. काकूचा चेहरा तसाच होता. तरी मला वाटलं की आता आपण नीट उभं राहिलं पाहिजे.

परत येताना गल्लीत आम्ही दोघंच होतो. माझं डोकं तापलं होतं. "अण्णा, मी एवढं समजावून सांगितलं तुम्हाला. मेलेल्याला ऐकू येत नाही."

"कशावरनं?"

"मशीनवर रेघ सरळ येते. खालचीही येते. मेंदू बंद पडतो."

अण्णा थांबले. चेहऱ्यावर राग नव्हता, थोडं हसूच होतं. "तूच सांगितलंस की, मी जित्ता होतो. पडून समदं ऐकत होतो. अन् तवा बी मशीन सरळच दाखवत होती. तिला दिसलं न्हाई म्हणून म्या न्हवतो का?"

मला खालची निळी रेघ आठवली, काकांच्या फोनमधली, चालू असलेली. आता ती मला अगदी स्पष्ट दिसते. पण ती मी तेव्हा पाहिली होती की नांदेडला मॅडमनी दाखवल्यावर माझ्या मनाने तिथे नेऊन काढली, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. त्या उन्हाळ्यात मी बायोमेडिकलला प्रवेश घेतला. सोयरिकीला काय सांगायचं ते आईने अजून ठरवलेलं नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा आईने दारातच बादली भरून ठेवली होती. अण्णांनी सदरा काढला आणि खाली वाकले. मी त्यांच्या पाठीवर पाणी ओतत होते, काकूच्या नावाचं. पाण्याचा आवाज मोठा होत होता. काकूला अजून नेलं नव्हतं, ती भिंतीपलीकडे दारातच होती, म्हणून मी तांब्या हळू धरला.